ग्रॅनाइटचा नमुनासंच: पर्वताच्या घडणीचा पुरावा टेबलावर

पर्वतरांग कशी घडली हे ग्रॅनाइटवरून ओळखायला शिकवणारा हा संच भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यात खडकांचे नमुने, त्यांचे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे पातळ काप आणि एक पुस्तिका मिळते. नमुन्यांची निवड अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, पुस्तिकेबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

हिमालयातील दोन नमुन्यांसाठीच हा संच घ्यावा, असे माझे मत आहे. लडाखच्या करड्या ग्रॅनाइटमध्ये हॉर्नब्लेंड आणि कृष्णाभ्रक ही गडद खनिजे आहेत. भारत आणि आशिया यांच्यामधल्या, आता नाहीशा झालेल्या टेथिस महासागराचा तळ आशियाखाली सरकत असताना, मुख्यतः ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वी, तो घडला. उच्च हिमालयातील फिकट ग्रॅनाइटमध्ये हॉर्नब्लेंड नाही. त्यात श्वेताभ्रक, टूर्मलीन आणि कोठे कोठे गार्नेट दिसते, कारण खोल गाडले गेलेले आणि रूपांतरित झालेले गाळाचे खडक वितळून तो तयार झाला, तोही बहुतांशी २.५ ते १.५ कोटी वर्षांपूर्वी. भारत आणि आशिया यांची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, हे लक्षात घेतले की जाड झालेले भूकवच तापून वितळू लागेपर्यंत किती काळ गेला, याचा अंदाज या दोन खडकांवरूनच येतो.

पट्टिताश्माचा (नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकाचा) नमुनाही तितकाच मोलाचा आहे. त्यातील पर्णन, म्हणजे खनिजांचे समांतर पट्टे, आडवे छेदून ग्रॅनाइटची एक शीर जाते, म्हणजे खडक दाबला जाऊन त्याला पट्टे पडले ते शीर घुसण्यापूर्वीच. शिरेतील झिरकॉन या खनिजाचे वय युरेनियम-शिसे पद्धतीने (युरेनियमचे क्षय होऊन किती शिसे झाले ते मोजून) काढले, तर ते पर्णन किमान किती जुने आहे हे कळते. मात्र झिरकॉनचा गाभा पुष्कळदा मूळ खडकातून आलेला व फार जुना असतो, त्यामुळे वय बाहेरच्या कडेचे मोजावे लागते. हा मुद्दा पुस्तिकेने उत्तम मांडला आहे.

ग्रॅनाइट अग्निज खडक वितळून झाला की गाळाचे, यावरून चॅपेल आणि व्हाइट यांनी १९७४ मध्ये मांडलेले वर्गीकरण आणि रसायनावरून ग्रॅनाइट कोणत्या भूरचनेत घडला ते ठरवणाऱ्या पिअर्स व सहकाऱ्यांच्या १९८४ मधील आकृत्या यांना पुस्तिका अंतिम निकालासारखे वापरते, हे मला पटत नाही. शिलारसात (वितळलेल्या खडकात) मूळ खडकाचे रसायन उतरते. जुन्या ज्वालामुखी कमानीचे, म्हणजे महासागराचा तळ खाली सरकतो तिथल्या ज्वालामुखींच्या रांगेचे, खडक टकरीनंतर पुन्हा वितळले, तर नवा ग्रॅनाइटही कमानीतलाच असल्यासारखा भासू शकतो. विद्यार्थ्याला हे पहिल्याच पानावर सांगायला हवे होते.

काही कापांची जाडी ०.०३ मिलिमीटर या प्रमाण जाडीहून जास्त असावी, कारण ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील क्वार्ट्झ करड्याऐवजी पिवळसर दिसतो. नवशिक्याची त्याने दिशाभूल होईल. ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक जवळ नसलेल्यांनी कापांविना केवळ खडकांचा संच मिळतो का, ते आधी विचारावे.