ब्लेचली पार्कला जाताय? मग दुसरं तिकीटही काढाच

ब्लेचली पार्क म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मनांचे गुप्त संदेश फोडले ती जागा. तिथे आपले बरेच लोक जातात, गणितज्ञ ॲलन ट्युरिंगचं ऑफिस बघतात, तळ्याकाठी फोटो काढतात आणि ट्रेन पकडून परत लंडन. अहो पण त्याच आवारात, ब्लॉक एचमध्ये नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग आहे. ते वेगळं म्युझियम, तिकीटही वेगळं, त्यामुळे ऐनवेळी "आता अजून पैसे कशाला" म्हणून राहून जातं. खरा माल तिथेच आहे बरं का, कारण इथली जुनी मशीन्स चालू करून दाखवतात.

गर्दी असते कोलोससपुढे. 1944 चं मशीन, जर्मनांचा लॉरेन्झ कोड फोडायला टॉमी फ्लॉवर्सने केलेलं. हा पोस्ट ऑफिसातला टेलिफोन इंजिनियर. एवढे व्हॉल्व्ह (बल्बसारख्या काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) एकत्र टिकायचेच नाहीत असं लोक म्हणत होते, पण व्हॉल्व्ह सारखे चालू-बंद केले की उडतात, चालूच ठेवले की टिकतात हे त्याला टेलिफोन एक्स्चेंजच्या कामामुळे माहीत होतं. युद्धानंतर बहुतेक मशीन्स तोडली, कागद जाळायला लावले, ते त्यालाच! मग टोनी सेल नावाच्या माणसाने मोजके जुने फोटो आणि इंजिनियर लोकांनी गुपचूप जपलेले ड्रॉइंगचे तुकडे एवढ्यावर ते परत उभं केलं, 2007 ला पुरं झालं. कागदी पट्टी सेकंदाला 5000 अक्षरांच्या वेगाने पळते आणि साधारण अडीच हजार व्हॉल्व्हमुळे खोलीत चांगलंच उबदार वाटतं.

पण माझं मत विच (WITCH) नावाच्या जुन्या कम्प्युटरला. कोलोसस शेवटी नव्याने बांधलेलं, हे मात्र 1951 चं अस्सल, अडीच टनाचं धूड. आधी हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्रात आकडेमोड, मग वुल्व्हरहॅम्प्टनच्या कॉलेजात पोरांना शिकवायला, मग म्युझियम, मग सुटं करून गोदामात. तिथल्या एका फोटोत ह्या म्युझियमच्या ट्रस्टीला त्याचं कंट्रोल पॅनल ओळखू आलं म्हणून वाचलं, आणि 2012 ला परत चालू झालं.

ह्याची मेमरी चक्क डोळ्यांनी दिसते. 828 डेकाट्रॉन ट्यूब, प्रत्येकीत दहा ठिपक्यांचं रिंगण, केशरी उजेड एकेक घर पुढे सरकतो आणि नवावरून शून्यावर आला की हातचा एक शेजारच्या ट्यूबमध्ये. बायनरी (फक्त 0 आणि 1) वगैरे भानगड नाही, तिसरीतल्या पोरालाही बेरीज कळते. खाली रिले (विजेवर चालणारे स्विच) खटाखट वाजत असतात. स्पीड विचाराल तर एका गुणाकाराला पाच ते दहा सेकंद :) एकदा हार्वेलच्या एका गणित्याने हाताने चालवायच्या कॅल्क्युलेटरवर ह्याच्याशी शर्यत लावली, अर्धा तास बरोबरीने चालला, मग तो दमला आणि हे आपलं चालूच.

पाच स्टार. जायच्या आधी कुठला डेमो कुठल्या दिवशी आहे ते वेबसाइटवर बघा, म्युझियम रोज उघडं नसतं. आणि तिथल्या व्हॉलंटियर काका लोकांना प्रश्न जरूर विचारा, पण परतीची ट्रेन उशिराची ठेवा.