जुन्या इंग्लिश हत्याराच्या नावाखाली

डिचोलीतील घराच्या मागच्या पडवीत मी गेली अकरा वर्षे चामड्याचे कमरपट्टे आणि पिशव्यांचे बंद करतो. शिगमोत्सव जवळ आला की ढोलांचे पट्टेही करतो. इतकी वर्षे माझे सारे काम रापी, म्हणजे चामडे कापायचे हातहत्यार, आणि लोखंडी पट्टी यांवरच चालले. रापीविषयी माझी तक्रार नाही, परंतु साडेतीन-चार मिलीमीटर जाडीच्या चामड्यात चार फुटांचा सरळ काप घेताना तिसऱ्या फुटापाशी मनगट दगा देते, आणि एकदा पट्टी सरकली की तो पट्टा वाया जातो. गेल्या फेब्रुवारीत शिगम्यात ढोल वाजवत मिरवणाऱ्या एका रोमटामेळ पथकाने 40 पट्ट्यांचे काम दिले तेव्हा पट्टे कापण्याचे स्वतंत्र हत्यार घ्यायचेच, असे मी ठरवले, आणि त्या घाईतच फसलो.

अशी हत्यारे मुख्यतः दोन प्रकारची असतात. लाकडी स्ट्रॅप कटरमध्ये मोजमापाच्या खुणा असलेली दांडी मागेपुढे सरकवून रुंदी ठरवतात, आणि दोन लाकडांच्या फटीतून चामडे पात्यावर ओढले जाते. दुसरे म्हणजे पिस्तुलासारखी मूठ असलेले धातूचे ड्रॉ गेज, जे जाड चामड्याला अधिक सोसते. दोन्ही हत्यारे चामड्याच्या आधी कापलेल्या कडेला टेकून चालतात. ती पहिली कड वाकडी असेल तर पुढचा प्रत्येक पट्टा तेवढाच वाकडा निघतो. हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते विकणाऱ्याचे कसब.

मोबाईलवर मला जी जाहिरात दिसली, तिच्यात काळपट पितळी मुठीचे एक ड्रॉ गेज होते आणि त्यावर वॉल्सॉल हे नाव उमटवलेले होते. इंग्लंडमधील हे गाव खोगीर आणि लगाम करणाऱ्या कारागिरांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे माझ्यासारख्याला त्या एका शब्दाची भुरळ पडणे स्वाभाविकच होते. विक्रेत्याशी फोनवर बोललो, तर त्याने आधी माझे काम काय, चामडे कोणते, पट्टे किती, हे सारे आपुलकीने विचारून घेतले आणि मग म्हणाला, "काका, हे एकच नग उरले आहे, तुमच्यासाठी संध्याकाळपर्यंत राखून ठेवतो." सोबत त्याने एक व्हिडिओ पाठवला, ज्यात जाड चामड्यातून ते हत्यार लोण्यातून सुरी जावी तसे जात होते. मी 4,800 रुपये यूपीआयने आगाऊ भरले.

हत्यार आठव्या दिवशी आले. पहिला पट्टा बरा निघाला, म्हणून मी उरलेले मोजलेच नाहीत. ही चूक माझी, ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही. चौदा पट्टे कापून झाल्यावर बक्कल अडकवायला घेतले, तर 38 मिलीमीटरच्या बक्कलात एक पट्टा शिरेना आणि दुसरा त्यात खुळखुळू लागला. मोजून पाहिले तेव्हा एकाच पट्ट्याचे एक टोक 40 मिलीमीटर आणि दुसरे 37 भरले. पाते टेकणीला, म्हणजे चामड्याच्या कडेला टेकणाऱ्या भागाला, समांतर नव्हते, आणि ओढताना रुंदी ठरवणाऱ्या सरकपट्टीचा स्क्रू हळूहळू सैल होत होता. ते चामडे पाठीकडच्या भागाचे, कमी ताणणारे आणि म्हणूनच महागडे होते. पोटाकडचे स्वस्त चामडे ढोलाच्या वजनाने लांबत जाते, म्हणून ते मी घेतले नव्हते.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो तेव्हा ते हत्यार एका वयस्क कारागिराला दाखवले. त्यांनी त्यावरच्या अक्षरांवरून नख फिरवले आणि सांगितले की ही अक्षरे ठशाने ठोकलेली नाहीत, साच्यात ओतलेली आहेत. ठोकलेल्या अक्षराची कड धारदार लागते, ओतलेल्याची गोलसर आणि रवाळ. मग त्यांनी पात्याच्या मागच्या बाजूला कानस लावली. पाणी देऊन कठीण केलेल्या पोलादावरून कानस घसरते, इथे ती पहिल्याच फटक्याला चावली. पितळेवरचा काळेपणा तर चिंचेच्या कोळाने घासताच निघून गेला.

घरी येऊन तो व्हिडिओ मी अगदी संथ गतीने पुन्हा पाहिला. पात्याच्या पुढे, चामड्याला पाते लागण्याआधीच, एक बारीक रेघ दिसत होती. चामडे आधीच कापून पुन्हा जुळवून ठेवलेले होते आणि हत्यार त्या फटीतून नुसते फिरवले जात होते. जाड चामडे खरोखर कापले जाते तेव्हा ते टेबलावर थोडेसे थरथरते आणि ओढणाऱ्याचा खांदा मागे जातो. व्हिडिओत त्याचा हात पंख्याने वारा घालावा तसा हलत होता. हे पहिल्याच वेळी माझ्या ध्यानात यायला हवे होते, कारण तो काप घ्यायला किती जोर लागतो हे मला रोज कळते.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने वाद घातला नाही, उलट माफी मागितली आणि म्हणाला की अर्धा परतावा लगेच देतो, क्यूआर कोड स्कॅन करून पिन तेवढा टाका. मी टाकला. आणखी 2,400 रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे पुतणीने त्या रात्री मला समजावले, पण तोपर्यंत त्याचा फोन बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. त्या अर्जाचे कागद आता जुळवतो आहे. पार्सल उघडताना चित्रीकरण केले असते तर हे काम सोपे झाले असते.

पथकाचे पट्टे मी शेवटी रापीनेच कापले, तेही उरलेल्या चामड्यात भर घालून. नंतर एका दुकानातून लाकडी कटर घेतला, पण घेण्याआधी स्वतःच्या चामड्याचा तीन फुटी तुकडा तिथेच कापून दोन्ही टोके आणि मध्य व्हर्नियरने मोजला. दुकानदार थोडा वैतागला, मोजू मात्र दिले. पावसाळ्यात दमटपणामुळे त्या कटरची दांडी फुगून अडकते, तेव्हा जुलैत मी पुन्हा रापीकडे वळतो. ते वॉल्सॉलचे म्हणवणारे हत्यार खोक्यासकट पुराव्यासाठी ठेवले आहे. ओतलेली आणि ठोकलेली अक्षरे यांतला फरक कोणाला नखाने पाहायचा असेल, तर माझ्या पडवीत यावे, मी दाखवीन.