खरकट्यावर चालणारा दोन टाक्यांचा बायोगॅस : अकरा महिने वापरल्यानंतर

मागच्या फेब्रुवारीत आम्ही परसात प्लास्टिकच्या दोन टाक्यांचा बायोगॅस स्वतः बसवला. आता जानेवारी चालू आहे. उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं पाहून झालं, म्हणून आत्ता लिहिते. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

आमचं घर जुन्नर तालुक्यात, शेतातच. माणसं सहा, गाय एक, तिचं वासरू. शेणावर चालणारा दोन घनमीटरचा घुमटाचा बायोगॅस बांधायचा तर रोज 50 किलो शेण हवं. एका गाईच्या जिवावर ते जमत नाही. म्हणून पुण्याच्या, ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या आरती संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेली पद्धत धरली. याच कामासाठी त्या संस्थेला 2006 साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला होता. विचार साधा आहे. शेण म्हणजे गाईने पचवून उरलेला चोथा, त्यातला कस तिने आधीच काढून घेतलेला असतो. त्याऐवजी भात, भाकरी, पीठ असं कसदार खाणं थेट टाकीतल्या जिवाणूंना दिलं, तर थोडक्यात पुष्कळ गॅस होतो. आमच्या एवढ्या टाकीला दिवसाला दोन किलो पुरतं.

रचना अशी. 1000 लिटरच्या टाकीचं तोंड कापायचं, तीत शेणाचा काला भरायचा. 750 लिटरची टाकी कापून तीत उपडी घालायची. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. किती गॅस आहे ते लांबूनही कळतं. टाक्या घेताना मात्र दुकानातच टेप लावून दोन्हींचे व्यास मोजा. लिटर बघून घेतल्या तर फसाल. एका कंपनीची 750 दुसरीच्या 1000 मध्ये अडकते. चारी बाजूंनी दोन-तीन बोटं जागा हवी, टाकी हाताने फिरवली तर फिरली पाहिजे. आम्ही सकाळी पात्याने कापायला घेतल्या, दुपारपर्यंत कापून झाल्या. जोड, वॉल्व्ह आणि पाइपला अजून दीड दिवस गेला.

पहिल्या भरणीला पाच-सहा घरचं शेण मागून आणलं, निम्मं शेण निम्मं पाणी कालवून ओतलं. चौथ्या दिवशी टाकी वर आली. आम्ही हरखलो, शेगडी लावली, काडी विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. सुरुवातीचा गॅस जवळपास सगळा कार्बन डायऑक्साइड असतो, तो सोडूनच द्यावा लागतो. असं तीनदा सोडला. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी धारा काढून आले आणि सहज कॉक फिरवला. फक्कन आवाज झाला, ज्योत धरली. निळी, खालून जरा हिरवट, आणि धूर अजिबात नाही. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. उठून आल्या, ज्योतीवर तळहात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गोठ्यातलं तिसरं जनावर झालं. आता याचीही वैरण बघायला हवी."

अकरा महिन्यांनी सांगते, त्या अगदी खरं बोलल्या. याला वेळच्या वेळी, मापात खायला घालावं लागतं. ज्या घरात हे काम कुणा एकाच्या अंगावर नाही, तिथे हा बायोगॅस टिकणार नाही. आमच्याकडे ते माझ्या अंगावर आहे. रात्रीचं खरकटं, शिळी भाकरी, पिकून गळालेली केळी, गिरणीतलं झाडलेलं पीठ असं एका बादलीत भिजत घालते, सकाळी हाताने कुस्करून पातळ करते आणि ओतते. दहा मिनिटांचं काम. कांद्याची सालं, लिंबाची फोडं, अंड्याची टरफलं, हाडं मी टाकत नाही.

त्यावर काय शिजतं? सकाळचा चहा, दूध, कुकरचं वरण-भात, मुलांचं अंघोळीचं थोडं पाणी. दिवसाला सव्वा ते दीड तास ज्योत मिळते. भाकरी मात्र होत नाही. आच मऊ असते, तवा हवा तसा तापत नाही, भाकरी फुगायच्या आत वाळते. वरच्या टाकीवर समोरासमोर दोन विटा ठेवल्यावर दाब वाढला, तरी भाकरी चुलीवरच. शेगडीही सिलिंडरची चालत नाही, तिचं भोक बारीक पडतं. बायोगॅसची वेगळी शेगडी घ्या, त्यात कंजुषी नको.

श्रावणात मोठी गडबड झाली. घरी सत्यनारायण होता, पातेलंभर भात आणि वरण उरलं. वाया कशाला घालवायचं म्हणून भाऊजींनी सगळंच्या सगळं टाकीत ओतलं, दहा किलो तरी असेल. दुसऱ्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत वर, कडेने फेस, आणि आंबलेल्या ताकासारखा वास. गॅस भरपूर दिसतो पण पेटत नाही. आतलं आंबट झालं की मिथेन, म्हणजे जळणारा गॅस, तयार करणारे जिवाणू दबून जातात. खाणं पूर्ण बंद केलं, रोज अर्धी बादली ताज्या शेणाचा काला आणि दोन मुठी चुलीची राख पाण्यात कालवून दिली. तेराव्या दिवशी ज्योत परत आली. ते बारा दिवस मला घरात कुणी आजारी असल्यासारखे गेले. आता बादलीला आतून खूण केली आहे, त्या खुणेच्या वर कुणीच भरत नाही.

पावसाळ्यात ज्योत फडफडायला लागली तर घाबरू नका, पाइपात पाणी साठलेलं असतं. सगळ्यात खालच्या जागी एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक बसवा, आठवड्याला पाणी काढा. गळती बघायची तर साबणाचा फेस लावून बघा, काडी ओढून कधीच नाही. दोन टाक्यांमधल्या फटीत डासांच्या अळ्या होतात, तिथे जुन्या मच्छरदाणीची पट्टी बांधली आहे.

थंडीने खरी परीक्षा घेतली. डिसेंबरात पारा दहाच्या खाली गेला आणि गॅस निम्म्यावर आला. टाकीभोवती पाचट रचून वर गोणपाट बांधलं, खाणं कोमट पाण्यात कालवून दुपारी उन्हाच्या वेळी द्यायला लागले. थोडा फरक पडला. पण उन्हाळ्यासारखं नाही, हे मानूनच चालावं.

आता पैसे. टाक्या, पाइप, शेगडी मिळून 13,800 रुपये गेले, मजुरी घरची. पूर्वी सिलिंडर 40 दिवस जायचा, आता साधारण 65 ते 70 दिवस जातो. म्हणजे वर्षाला चारेक सिलिंडर वाचतात. नुसत्या गॅसवर पैसे वसूल व्हायला चार वर्षं लागतील. सहा महिन्यांत वसूल होतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझ्या लेखी निम्मी किंमत स्लरीची, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ काल्याची आहे. जेवढी बादली आत जाते तेवढी बाहेर येते. ती दुप्पट पाण्यात मिसळून मेथी, अळू आणि केळीला घालते. यंदा परसातल्या भाजीला युरियाची चिमूटही घातली नाही, आणि अळूची पानं सुपाएवढी झाली. शिवाय पहाटे चहासाठी चूल पेटवून डोळे चोळत बसणं संपलं. सासूबाईंचा सकाळचा खोकला बराच कमी आहे.

शेजारच्या घरातली माझी जाऊ पुढच्या महिन्यात बसवणार आहे. तिच्यासाठी तीन गोष्टी बदलतोय. टाकी काळ्या रंगाची, कारण आमची पांढरी तापत नाही. खाणं टाकायचा पाइप चार इंची, कारण आमचा तीन इंची केळीच्या सालीने दोनदा तुंबला. आणि वरची टाकी सरळ राहावी म्हणून कडेने तीन उभे पाइप, कारण मे महिन्यातल्या वळवाच्या वाऱ्याने आमची कलंडली आणि दोन दिवसांचा गॅस उडून गेला. जागा गोठ्याच्या दक्षिणेला धरली आहे, तिथे दिवसभर ऊन असतं. पहिल्या भरणीला शेण लागणार नाही, आमच्याच टाकीतली चार बादल्या स्लरी विरजण म्हणून देणार आहे.