मुलाच्या स्पेशालिस्टना फोनवरून प्रश्न विचारायची सोय: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सहा वर्षांच्या मुलाला फिट्स येतात. ताप-खोकल्याला नाशिकच्या सिडकोतले आमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ आहेत, पण फिट्सची ट्रीटमेंट मुंबईच्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमची. पंचवटी एक्सप्रेसने पहाटे निघायचं आणि रात्री परत यायचं. ह्यांना सातपूरच्या कंपनीतून तेवढ्यासाठी सुट्टी मिळणं अवघड. मधल्या काळात प्रश्न पडले की जीव टांगणीला लागायचा. पावसाळ्यात मॅडमच्या विभागाने पालकांसाठी व्हॉट्सअॅप नंबर सुरू केला. तेव्हापासून आम्ही तो वापरतोय.

नंबर एक सिस्टर सांभाळतात. दुपारपर्यंत आलेले प्रश्न त्या मॅडमसमोर ठेवतात आणि बहुतेक वेळा संध्याकाळी उत्तर येतं. प्रत्येक वेळी त्या आधी शेवटच्या भेटीची तारीख विचारतात. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून सल्ला देण्याच्या, नियमांत त्याच डॉक्टरांना, त्याच आजारासाठी प्रत्यक्ष भेटून सहा महिने झाले नसतील तरच फॉलो-अप, म्हणजे आधीच्याच उपचाराचा पुढचा सल्ला, धरतात. म्हणून ती तारीख मी मेसेजच्या पहिल्याच ओळीत टाकते.

उत्तर मिळणं बरंचसं मेसेज कसा लिहिलाय यावर असतं. 'बाळ नीट नाही, काय करू?' याला सिस्टर उलट चार प्रश्न विचारतात आणि संध्याकाळ निघून जाते. फिट्सच्या औषधाबद्दलचा माझा मेसेज असा असतो: 'वजन १९ किलो. लेव्हेटिरासिटाम सिरप, १०० मिलिग्रॅम प्रति मिली, सकाळी-रात्री ३ मिली. आज सकाळी डोस दिल्यावर दहा मिनिटांत उलटी. पुन्हा द्यायचा का?' मिली आणि मिलिग्रॅम दोन्ही लिहावेत, नुसतं 'तीन' लिहिलं तर गोंधळ होतो. व्हॉइस नोट पाठवू नका, ओपीडीच्या गर्दीत कोण ऐकणार?

व्हिडिओचा मात्र फार उपयोग झाला. झोपेत त्याचा हात झटके द्यायचा. ती फिट आहे की नुसती दचक, हे इथे कुणालाच ठामपणे सांगता येत नव्हतं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे अंगावरची गोधडी बाजूला केली, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा मोबाईल धरला, मधेच त्याला नावाने हाक मारली आणि वेळ मोठ्याने बोलत राहिले. तो व्हिडिओ बघून मॅडमनी 'ही फिट नाही' असं कळवलं. त्या रात्री घरात सगळ्यांना शांत झोप लागली. औषध सुरू झाल्यावर तो फार चिडचिड करायला लागला होता, तेही मी लिहून विचारलं. हा या औषधाचा माहीत असलेला परिणाम आहे असं सांगून त्यांनी व्हिडिओ कॉलची वेळ दिली. औषध आपल्या मनाने बंद करू नका, अचानक थांबवलं तर फिट्स वाढतात, हेही बजावलं.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. मॅडम सुट्टीवर गेल्या की उत्तर कोण देणार, हे कुणी सांगत नाही. दिवाळीत आम्ही नुसते वाट बघत बसलो. उत्तर कधी कधी एका शब्दाचं असतं, 'कंटिन्यू', आणि मग काय चालू ठेवायचं हे पुन्हा विचारावं लागतं. याआधी एका अॅपवरून पैसे भरून सल्ला घेतला होता. तिथे दर वेळी नवीन डॉक्टर आणि मुलाची सगळी कथा पहिल्यापासून. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा मोफत आहे, साध्या तक्रारींना ठीक, पण आपल्या मुलाच्या डॉक्टरच समोर येतील असं नाही.

एक गोष्ट प्रत्येक आईबापाने पक्की लक्षात ठेवावी. फिट पाच मिनिटांच्या वर गेली किंवा मूल शुद्धीवर न येता दुसरी आली, तर मेसेज टाइप करत बसायचं नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे मारायचा आणि १०८ लावायचा. आमच्या फ्रिजवर हे मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण दुपारी घरी सासूबाई एकट्या असतात.

फिट्स, शुगर, दमा असा लांब चालणारा आजार असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारा: मधल्या काळात प्रश्न कुठे पाठवायचे, उत्तर किती वेळात येईल आणि तुम्ही नसाल तेव्हा कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हालाही अजून हवंय. जानेवारीच्या भेटीत ते केसपेपरवर लिहून घेणार आहे.