घरी पाणी तपासायचं किट आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म: पावसाळ्यापासून होळीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग पसारा मांडते. तीन हजारांच्या आत मिळालेल्या या पेटीतल्या दोनच गोष्टींनी पैसे वसूल केले: क्लोरीन तपासायचे थेंब आणि एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइडवरून जिवाणूंचा अंदाज देणाऱ्या) छोट्या बाटल्या. घरात सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर, आणि तेच सगळ्यात कमी कामाचं निघालं. कार्बन मोनॉक्साइडचा (गॅस नीट न जळल्यास होणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूचा) अलार्म वेगळा घेतला होता. पाण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण खरेदी एकाच वेळची, म्हणून त्याचंही इथेच लिहिते.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या टोकाला, धायरीच्या बाजूला राहतो. २०२५च्या जानेवारीत याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात, जीबीएसचे (गिलँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले. काहींच्या शौचाच्या नमुन्यात दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू सापडला आणि सोसायटीच्या ग्रुपवर जो तो पाण्याचा तज्ज्ञ झाला. कुणी म्हणे उकळा, कुणी म्हणे आरओ बसवा, कुणी जार मागवायला लागलं. आमच्या इमारतीत नळाचं, बोअरचं आणि कमी पडलं की टँकरचं, असं तिन्ही पाणी जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतं. त्यामुळे ‘तुमच्याकडचं पाणी कसंय?’ या प्रश्नाला आमच्याकडे एक उत्तर नव्हतंच. किट घेतलं ते त्यासाठी.

पेटीत पीएच, जडपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि शिल्लक क्लोरीन यांच्या बाटल्या किंवा पट्ट्या, रंगांचे तक्ते, दोन काचनळ्या आणि वेगळ्या पिशवीत एचटूएसच्या बाटल्या. माहितीपत्रक इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. तरी दहावीचं रसायनशास्त्र थोडंफार आठवत असेल त्याला जमतं. जडपणाच्या चाचणीत पाणी वाइनसारखं लालसर होतं, मग थेंब मोजत टाकायचे, निळं झालं की थांबायचं. माझ्या मुलाला ही एकच चाचणी आवडते.

क्लोरीनचे थेंब म्हणजे गावाकडे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो ती ओटी (ऑर्थोटोलिडीन या रसायनाची) टेस्ट. माझं माहेर भोर तालुक्यातलं, तिथे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, ओटी आणि पाणी किती सुरक्षित हे दाखवणारं, ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं-पिवळं-लाल कार्ड हे शब्द बायकांच्याही बोलण्यात असतात. शहरात मात्र आपल्या नळाला क्लोरीन येतो की नाही हे कुणालाच माहीत नसतं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. बघायचं ते लगेच, पहिल्या काही सेकंदांत. नंतर रंग गडद होत जातो, तो मोकळ्या क्लोरीनचा नसतो. ट्यूबलाइटखाली दोन छटांमधला फरक मला कळेना, गॅलरीत पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर कळायला लागला. ऑर्थोटोलिडीन विषारी असतं, त्यामुळे तपासलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून नळी धुवायची, आणि बाटली मुलांच्या हाताला लागू द्यायची नाही. परवडत असेल तर डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांचं किट घ्या, ते जास्त नेमकं असतं.

एकाच नळाचं पाणी रोज तपासून काही कळत नाही. पाण्याच्या वाटेवर जागोजागी तपासलं की कळतं. मी थेट लाइनच्या नळापासून सुरुवात केली, मग जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची, मग आमचं स्वयंपाकघर. थेट लाइनला स्वच्छ पिवळा रंग, तक्त्यावर ०.५च्या जवळ. भारतीय मानकात (आयएस १०५००) शिल्लक क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम लिटरला असावा असं आहे, म्हणजे येणारं पाणी ठीक. जमिनीखालच्या टाकीत रंग जेमतेम, गच्चीवर पाण्याला काहीच रंग नाही. वाटेत क्लोरीन कशावर तरी खर्ची पडत होता. गाळ, शेवाळ, सेंद्रिय घाण, यांपैकी काहीही.

मग एचटूएसच्या बाटल्या काढल्या. पद्धत साधी: खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी ठेवायचं, २४ ते ४८ तासांत काळं झालं तर दूषित होण्याची शंका घ्यायची. ही चाचणी आपल्याकडचीच. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा आणि सहकाऱ्यांनी ती १९८२मध्ये मांडली आणि नंतर जगभर गेली. थेट लाइनची बाटली दोन दिवस तशीच राहिली. जमिनीखालच्या टाकीची सकाळपर्यंत डांबरासारखी काळी झाली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हे आपण पितो?” पितो तर होतोच, पण प्युरिफायरमधून. भाजी मात्र त्याच पाण्याने धुवायची, दातही त्यानेच घासायचे.

ही बाटली काळी झाली म्हणजे मैलाच मिसळला असं नव्हे, आणि नाही झाली म्हणजे पाणी निर्मळ असंही नव्हे. हायड्रोजन सल्फाइड तयार करणारे सगळेच जिवाणू आतड्यातले नसतात. आमच्या बोअरची बाटली दुसऱ्या दिवशी हळूहळू काळवंडली, पण प्रयोगशाळेच्या अहवालात ई. कोलाय (मैल्याची खूण मानला जाणारा आतड्यातला जिवाणू) निघाला नाही. कॅम्पिलोबॅक्टर तर या बाटलीत दिसतच नाही. इथून पुढे कुठे बघायचं एवढंच ती सांगते, पक्का निकाल प्रयोगशाळेचाच. त्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. तिच्यात थोडं थायोसल्फेट असतं, ते क्लोरीनचा परिणाम थांबवतं. घरच्या विसळलेल्या बाटलीत नेलेल्या नमुन्याला अर्थ नाही. बर्फाच्या डब्यातून शक्य तितक्या लवकर पोचवायचा. टाकीच्या नमुन्यात ई. कोलाय निघाला. मानक म्हणतं, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

कारण टाकीच्या झाकणात सापडलं. ते पार्किंगच्या फरशीच्या पातळीत होतं, त्यामुळे गाड्या धुतलेलं आणि पावसाचं पाणी फटीतून आत. मीटिंगमध्ये पहिली अर्धी वेळ ‘तुमचं किट खोटं कशावरून नाही’ यावर गेली, अहवाल ठेवल्यावर आवाज खाली आले. टाकी उपसून धुतली, झाकणाला उंच कडा बांधली, हायपो (क्लोरीनचं द्रावण) टाकायचं काम वॉचमनदादांकडे दिलं. नंतरच्या बाटल्या स्वच्छ राहिल्या. दिवाळीत टँकर आल्यावर मात्र पुन्हा एक काळी झाली. टँकरवाल्याला विचारलं तर म्हणाला, “ताई, खडकवासल्याचंच पानी हाय, निवांत प्या.” त्या पाण्यात क्लोरीनचा थेंबभरही रंग आला नाही. आता टँकर रिकामा करण्याआधी वॉचमनदादा नळी धरून ओटी करतात, आणि चालकाच्या चेहऱ्यावरूनच निकाल कळतो.

आता टीडीएस मीटर. तीनशे रुपयांच्या आसपासचं ते यंत्र पाण्यातली विद्युतवाहकता मोजतं आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. त्यात जिवाणू दिसत नाहीत, कीटकनाशक दिसत नाही, आणि शिसं धोकादायक पातळीला असलं तरी ते इतकं कमी असतं की आकडा हलत नाही. आमच्या नळाला आकडा शंभरच्या खाली, बोअरला सहाशेच्या वर. काळी झालेली टाकी या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे मीटरच्या हिशेबाने बोअरपेक्षा ‘चांगली’. मानकात ५००पर्यंत टीडीएस उत्तम, दुसरा पर्याय नसेल तर २०००पर्यंत चालतो. २०१९च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने ५००च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला असं सांगितलं होतं, ते उगीच नाही. आमच्या नळाच्या पाण्याला आरओची गरज नाही, आणि वाया जाणाऱ्या पाण्याची बादली लावून बघाल तर पोटात गोळा येईल.

विक्रेत्यांची एक जादू यानिमित्ताने सांगून टाकते. दोन लोखंडी आणि दोन ॲल्युमिनिअमच्या कांड्या असलेलं यंत्र तुमच्या पाण्यात बुडवतात, पाणी चॉकलेटी गढूळ होतं आणि तुम्ही घाबरता. तो गाळ कांड्यांचा असतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसल्याने वीज नीट वाहत नाही, म्हणून तिथे काही होत नाही. चिमूटभर मीठ टाकून परत करायला सांगा, मजा बघा.

मीटर महिन्यातून एकदा प्रमाणित द्रावणात तपासायला लागतं, नाहीतर आकडा सरकतो. आमचे सासरे त्यात नारळपाणी, ताक आणि एकदा सोलकढी मोजून आलेत.

नायट्रेटच्या पट्ट्या इथे फारशा लागल्या नाहीत, पण इंदापूरकडे नणंदेच्या शेतातल्या विहिरीवर नेल्या तेव्हा डोळे उघडले. ऊस, युरिया आणि उथळ विहीर. मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि त्यात सूट नाही. तक्त्यावर आकडा २० दिसला आणि सगळे खूश झाले. पण तो तक्ता नायट्रोजनच्या रूपात होता, म्हणजे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन दाखवणारा. अशा आकड्याला साधारण ४.४ने गुणायचं, म्हणजे नायट्रेट जवळजवळ ८८. पत्रकात हे एका ओळीत, तेही तळटिपेत लिहिलंय, हा या किटचा सगळ्यात मोठा दोष. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने दाट होतं. घरात वरच्या दुधावर असलेलं तान्हं बाळ असेल तर असलं पाणी त्याच्या दुधात वापरू नये, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. नणंदेच्या सुनेने त्या आठवड्यापासून बाळासाठी गावातल्या नळयोजनेचं पाणी आणायला सुरुवात केली. तेही पट्टीवर तपासूनच.

फ्लोराइड, लोह, क्लोराइड एकेकदा पाहिलं, आमच्याकडे काही नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या वाचकांनी फ्लोराइडची बाटली सोडू नये. भिंती-खिडक्यांच्या रंगातलं शिसं ओळखायच्या कांड्या वेगळ्या मागवल्या, त्या माहेरच्या जुन्या खिडकीवर गुलाबी झाल्या, म्हणजे शिसं आहे. २०१७च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर चालत नाही. इतकं थोडं शिसं या कांड्यांना दिसत नाही, त्यामुळे नव्या रंगावर पैसे घालवू नका.

अलार्मचं सांगायचं तर, तो मी गॅस गीझरसाठी घेतला. थंडीत आमच्याकडे बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा लावतात. डिसेंबरात एकामागून एक चौघांच्या आंघोळी झाल्यावर बाहेरच्या पॅसेजमध्ये लावलेल्या अलार्मच्या पडद्यावर आकडा चाळीसच्या पुढे गेला, पण अलार्म वाजला नाही. यात बिघाड नाही. युरोपीय मानकाप्रमाणे ५० पीपीएमला तो तासाभराने वाजतो, १००ला दहा ते चाळीस मिनिटांत, ३००ला तीन मिनिटांच्या आत. म्हणून आकडा दाखवणारंच मॉडेल घ्या, नुसता दिवा असलेलं नको. त्या महिन्यात आम्ही गीझर ड्राय बाल्कनीत हलवला. त्यानंतर पडद्यावर शून्यच. स्वयंपाकाच्या गॅसची गळती मात्र या यंत्राला कळत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तिचा डिटेक्टर वेगळा आणि तो खाली, जमिनीजवळ लावायचा.

आता पुढच्या पावसाळ्याआधी मी पूर्ण पेटी पुन्हा मागवणार नाही. एचटूएसच्या बाटल्या आणि क्लोरीनचे थेंब सुटे मिळतात, तेवढेच घेईन, मागवताना मुदत संपायची तारीख विचारून. सोसायटी खर्च वाटून घ्यायला तयार झालीये, फक्त गच्चीवर चढून नमुना कुणी आणायचा हे अजून ठरत नाहीये.