जेनेरिक डिटेक्शन आलं तर कोण बरा: विकतचा अँटीव्हायरस की डिफेंडर?

ज्यांचं काम ब्राउझर आणि एक्सेलवर भागतं, त्यांना विकतचा अँटीव्हायरस किंवा विंडोजसोबतच येणारा डिफेंडर, दोन्हींपैकी काहीही चालेल. प्रश्न पडतो तो आमच्यासारख्यांना, जे दुकानांसाठी पायथॉनमध्ये बिलाच्या, बारकोडच्या छोट्या युटिलिटी लिहितात आणि पायइन्स्टॉलर नावाच्या टूलने त्यांची एक्झी, म्हणजे थेट चालणारी फाइल, करून देतात. अशा फाइलवर डिजिटल सही नसते, ती आधी कुठे कोणी पाहिलेली नसते, आणि पायइन्स्टॉलरचा बूटलोडर (एक्झीत जोडलेला, प्रोग्रॅम सुरू करणारा तुकडा) खरे मालवेअरवालेही वापरतात. मग डिफेंडर ‘ट्रोजन:विन३२/वॅकॅटॅक.बी!एमएल’ असं काहीतरी दाखवतो.

त्यातलं शेवटचं ‘!एमएल’ बघायचं. म्हणजे हा मशीन लर्निंगच्या मॉडेलने बांधलेला अंदाज आहे. जेनेरिक डिटेक्शन ते हेच: ठरावीक व्हायरस ओळखलेला नसतो, फाइल संशयास्पद वाटते एवढंच. कॅस्परस्कीचं ‘ह्यूर’, अवास्टचं ‘मालवेअर-जेन’ ही कमीअधिक त्याच जातकुळीतली नावं. अर्थात अंदाज खराही निघतो. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरवर असं नाव आलं, तर वाद न घालता फाइल उडवावी.

पकडण्यात मला दोघांत फार फरक जाणवला नाही, आणि चुकतात सगळेच. एप्रिल २०१० मध्ये मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट फाइलच व्हायरस ठरवली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये डिफेंडर क्रोम उघडलं तरी ‘हाइव्ह.झेडवाय’ म्हणून ओरडत होता.

माझ्यासाठी पारडं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. एका गिऱ्हाइकाकडे विकतचा अँटीव्हायरस होता. नाव घेत नाही. दुकानदाराचा फोन यायचा, ‘काल चालत होतं, आज आयकॉन पांढरा पडलाय.’ जाऊन बघावं तर एक्झी गायब, आणि अँटीव्हायरसच्या पहिल्या पानावर हिरवी बरोबरची खूण: तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित आहे. कुठली फाइल, कुठल्या नावाखाली, कधी उडवली हे शोधायला तीन मेनू खाली उतरायचं, वाटेत महागडा प्लॅन घेण्याची विनंती दोनदा नाकारायची, आणि शेवटी हाती काय, तर ‘धोका दूर केला’. डिटेक्शनचं नावच नसेल तर तो अंदाज होता की पक्की ओळख, हे ठरवायचं कसं? तक्रारीच्या फॉर्मला पुन्हा लायसन्स की हवी, आणि ती दुकानदाराच्या मुलाच्या ईमेलमध्ये.

डिफेंडरच्या प्रोटेक्शन हिस्टरीत नाव, पूर्ण पाथ आणि वेळ एकाच ठिकाणी मिळते. मायक्रोसॉफ्टच्या सबमिशन पानावर सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून फाइल पाठवता येते आणि निकाल तिथेच दिसतो. माझ्या फायली तरी बहुतेकदा सुटल्या. जुन्या नोंदी हिस्टरीत उगाच रेंगाळतात, तेवढं सोसायचं.

विकतच्याची एक बाजू मान्य करायला हवी. दुकानात कॉम्प्युटर कळणारं कोणीच नसेल, तर फोनवर बोलणारा माणूस मिळणं मोठी सोय आहे. शिवाय डिफेंडरची बरीच ताकद क्लाउडवर आहे. नेट नसलेल्या गोदामातल्या मशीनवर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

काहीही निवडा, फाइल परत आणण्याआधी तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) काढून व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटीव्हायरसचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या साइटवर, शोधा. सरळ अपलोड करू नका, कारण ती फाइल भागीदार कंपन्यांपर्यंत जाते. आत गिऱ्हाइकाचा डेटा असला तर पंचाईत. तिथल्या दोन-चार अनोळखी अँटीव्हायरस इंजिनांनी जेनेरिक नावं दिली असतील तर फाइल बहुधा निर्दोष असते. बऱ्याच मोठ्या इंजिनांनी मालवेअरचं एकच कुळ सांगितलं तर हात लावू नका. एक्सक्लूजन, म्हणजे तपासणीतून सूट, द्यायचंच तर त्या एका फाइलला द्या. अख्खं डाउनलोड फोल्डर वगळून ठेवलेली मशीन मी पाहिली आहेत. आणि एक्झी आपणच बनवत असाल तर ‘वनफाइल’ऐवजी (सगळं एकाच एक्झीत) ‘वनडिर’ (एक्झी आणि बाकीच्या फायली एका फोल्डरमध्ये) करून बघा, माझी निम्मी कटकट तिथेच मिटली.

वर्षाचे पैसे आधीच भरलेले असतील तर ते वाया घालवू नका, मुदत संपेपर्यंत चालू द्या. नूतनीकरणाचा पॉप-अप आला की पैसे भरण्याआधी मला फोन करा, एवढंच मी दुकानदारांना सांगून ठेवतो.