बसस्टँडमागचं सुविधा केंद्र: कामगार विम्याचं काम इथं होते

आमचे हे जिनिंगात कामाला. रुई ओढताना मशिनीच्या पट्ट्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली. मुकादम म्हणे, दवाखान्याचा खर्च देतो, कागद काहून करता? या केंद्रातल्या दादानं पगाराची चिठ्ठी पाहिली अन् म्हणाला, "वहिनी, पगारातून कामगार विम्याचे (ईएसआयसी) ०.७५ टक्के कापून राहिले नं, मंग विमा आहेच. मालकाला अपघाताची खबर विम्याला द्याच लागते." आजारपणाच्या पैशाला ठराविक दिवस वर्गणी भरल्याची अट असते, कामावरच्या अपघाताला नाही, माणूस नवा लागला असला तरी हक्क राहते, हेही त्यानंच सांगितलं.

कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजीच्या ९० टक्के पैसे, थेट बँकेत. पण विमा दवाखान्याच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र पाहिजे. बोटं गेल्याचं कायमचं पेन्शन वेगळं, किती ते मेडिकल बोर्ड ठरवते. तोही अर्ज इथंच भरला.

आधारवरचं अन् विम्यातलं नाव जुळत नव्हतं, ते दादानं आधीच पकडलं. पैसे वाजवी, पावतीसकट.

रेटिंगचा एक स्टार कापला तो लाईटीसाठी. दुपारी वीज गेली की प्रिंटर बंद, इन्व्हर्टर नाही, अन् एकुलत्या बाकड्यावर पीकविम्यावाल्यांची गर्दी. बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका बाप्पा. पासबुकाची झेरॉक्स बाहेरूनच करून न्या, इथं पाच रुपये लावतात.